मंग बसला काहून?

रात्रीचे साडेआठ. इतवारीतली शटरं एकेक करून खाली येत होती आणि मी घराच्या जिन्यात बसून होतो, कानात इअरफोन, माइक बंद. बाबा जेवायला बोलवायला आले.

"काय करून राहिला रे?"

"मीटिंगमधी आहो."

ते थोडा वेळ तसेच उभे राहिले. "तू तं काहीच बोलून नाही राहिला."

"माझं काम नाही त्याच्यात."

"मंग बसला काहून?"

बाबांनी तीस वर्षं किराणा ओळीत मुनिमी केली. त्यांना टोमणा मारायचा नव्हता, खरंच कळलं नव्हतं. आणि मला सांगता आलं नाही.

त्या कॉलवर आम्ही सतरा जण होतो. विषय एकच, एका ग्राहकाचा रिपोर्ट दोन दिवस पुढे ढकलायचा की नाही. दीड तास चाललं. सतरा गुणिले दीड म्हणजे साडेपंचवीस तास, एका माणसाचे आठ-आठ तासांचे तीन दिवस आणि वर थोडं. तेवढ्यात रिपोर्टच लिहून झाला असता. एका सहकारी मुलीचं बाळ मागे रडत होतं, ती दर वेळी "सॉरी" म्हणून माइक बंद करायची. ज्या साहेबांच्या एका शब्दावर गोष्ट मिटली असती ते गाडीतून जॉइन झाले होते. शेवटी म्हणाले, "चर्चा छान झाली. उद्या परत बसू."

मीटिंग प्रोडक्टिव्ह कशी करावी याचे रील तुम्हीही पाहिले असतील. अजेंडा आधी पाठवा, टायमर लावा, उभ्यानेच घ्या, मिनिट्स लिहा. आमच्याकडे हे सगळं होतं राजेहो! अजेंडा आदल्या दिवशी आला, मिनिट्स दुसऱ्या दिवशी सकाळी. रोग निराळाच आहे. निर्णय चुकला तर नाव एकट्याचं येऊ नये म्हणून सतरा जण बसवले जातात. आपण तिथे साक्षीदार असतो. चुकलं तर "सगळ्यांसमोर ठरलं होतं", आणि जमलं तर साहेबांचं नेतृत्व.

दुसऱ्या महायुद्धात, १९४४ मध्ये, अमेरिकेच्या ओएसएस या गुप्तहेर खात्याने एक पुस्तिका काढली होती. शत्रूच्या मुलखातल्या साध्या माणसांनी आतून कामाचा खोळंबा कसा करावा, याची. त्यात यंत्रं बिघडवण्याच्या युक्त्या आहेत, तशाच कचेऱ्या बिघडवण्याच्याही. जमेल तो विषय समितीकडे पाठवा, समिती होईल तेवढी मोठी ठेवा, मागच्या बैठकीत ठरलेलं पुन्हा उकरून काढा, महत्त्वाचं काम अडलेलं असतानाच बैठक घ्या. घातपाताचा हा अभ्यासक्रम आपण पगार देऊन राबवतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे मारबत निघते, सोबत महागाईचे, भ्रष्टाचाराचे बडगे निघतात. एखाद्या वर्षी मीटिंगचाही बडग्या काढावा, त्याच्या गळ्यात लॅपटॉप अडकवून.

किराणा ओळीत सौदा कसा होतो ते मी लहानपणी गादीवर बसून पाहिलंय. दलाल मुठीत नमुना घेऊन येतो. शेठ दाणा दाताखाली धरतो, भाव बोलतो. थोडी घासाघीस, मग चिठ्ठी. माल समोर, ठरवणारा समोर, आणि चुकलं तर खिसा त्याचाच. म्हणून ते पटकन होतं.

याचे गोडवे गाऊन थांबणं मात्र खोटेपणा होईल. शेठ दोन मिनिटांत ठरवतो कारण तो इतर कोणाला विचारत नाही. ज्याच्या पाठीवरून ते पोतं जाणार त्या हमालाला तर नाहीच. हमालाचा शब्द मालकाच्या बरोबरीने टेबलावर यायला १९६९ चा माथाडी कायदा लागला. त्यातल्या मंडळांवर मालकांचे आणि कामगारांचे प्रतिनिधी सारख्या संख्येने असतात. तिथली बैठक सौद्यासारखी दोन मिनिटांत उरकू नयेच. म्हणजे लांब बैठकीशी माझं भांडण नाही. ज्यांचं काही बरंवाईट होणार नाही त्यांना बसवणं आणि ज्यांचं होणार त्यांना गप्प ठेवणं, याच्याशी आहे.

मी रोज चितार ओळ चौकातून मेट्रो पकडतो, सीताबर्डीला बदलतो आणि मिहानकडे जातो. बदलल्यावर पहिलंच स्टेशन काँग्रेस नगर. हे नाव डिसेंबर १९२० च्या अधिवेशनावरून पडलं. असहकाराच्या ठरावावर तिथे शिक्कामोर्तब झालं, एवढं शाळेत शिकवतात. प्रतिनिधी होते १४,५८२. एवढ्या मंडपात वेगळं बोलणाऱ्याचं काय होतं ते जिनांनी अनुभवलं, विरोधाला उभे राहिले तर लोकांनी ओरडून त्यांना बोलू दिलं नाही. पण त्याच अधिवेशनात पक्षाची नवी घटनाही मंजूर झाली. पन्नास हजार लोकसंख्येमागे एकच प्रतिनिधी, आणि वर्षभर काम चालवायला १५ जणांची कार्यकारिणी. देशव्यापी आंदोलन अंगावर घेताना त्यांनी कोण किती जणांत बसून काय ठरवणार हे आधी लिहून काढलं. आम्हाला एका रिपोर्टच्या तारखेसाठी सतरा जण लागतात, आणि कार्यकारिणीपेक्षा ते दोन जास्तच झाले.

उलट टोकाचं उदाहरणही विदर्भातलंच. गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गोंडांचं गाव आहे. तिथली ग्रामसभा बहुमताने नाही, सर्वसहमतीने ठरवते. एकजण अडला तर विषय पुढच्या सभेत. ऐकायला हे आपल्या "उद्या परत बसू" सारखंच वाटतं ना? फरक असा की त्यांनी अभ्यासगट वेगळा ठेवलाय. कायदा काय म्हणतो, जंगलात काय शिल्लक आहे, हे अभ्यासगटात बोलायचं, बाहेरच्या जाणकारालाही बोलवायचं, पण तिथे ठरवायचं काही नाही. ठरवायचं फक्त ग्रामसभेत, गावकऱ्यांनी. अशा सभा घेत घेत या गावाने २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक वनहक्क मिळवला. आपल्याकडे माहिती देणं, अभ्यास करणं, ठरवणं आणि साहेबांना ऐकणं, चारही एकाच दीड तासात कोंबतात. माहिती लिहून पाठवता येते. वाचायला पाच मिनिटं लागतात, आणि बाळ रडलं तर मध्येच फोन खाली ठेवता येतो.

तुम्ही म्हणाल, नाही म्हणायची सोय कोणाला आहे? बरोबर. पंचविशीतल्या पोट्ट्याने इन्व्हाइट नाकारलं तर अप्रेझलला "टीम प्लेअर नाही" असा शेरा येतो. म्हणून हे त्याच्यासाठी नाही. हे परवा-परवा लीड झालेल्या, स्वतः सहा वर्षं म्यूटवर बसलेल्या आणि आता पहिल्याच आठवड्यात सतरा जणांना इन्व्हाइट धाडणाऱ्या माझ्या दोस्तांसाठी आहे. बटण दाबायच्या आधी दोन ओळी लिहा, काय ठरवायचंय आणि ठरवणार कोण. दुसऱ्या ओळीत स्वतःचं नाव लिहायला हात कचरत असेल, तर मीटिंग कशासाठी बोलावताय ते तुम्हाला कळलेलंच आहे.

मी स्वतः एकदा चॅटमध्ये विचारलं होतं, "आज आपण नक्की काय ठरवणार आहोत?" पाच जणांनी अंगठा दाखवला. साहेब म्हणाले, "तेच ठरवायला तर भेटलोय." पुढच्या आठवड्यापासून त्या इन्व्हाइटमधून माझं नाव गेलं. कामाचं काही अडलं नाही. ती बाळवाली सहकारी मात्र परवा हळूच विचारत होती, "तू सुटला कसा रे?"