पडीक माळाचा धनी

पक्षी म्हटला की आपल्या निबंधांतून मोर नाचू लागतो, कोकिळा गाऊ लागते. लाव्याला तिथे जागा नाही. तो मातीच्या रंगाचा, मुठीएवढा, पायाशी असला तरी न दिसणारा. पण त्याला ओळखायला शिकणे हेही शिक्षणच आहे, असे माझे मत आहे.

ओळख अवघड आहे, अशक्य नाही. पावसाळी लाव्याच्या नराच्या छातीवर काळा डाग असतो. खडकाळ माळावरचा लावा वेगळा; त्याला सोयीसाठी माळलावा म्हणू. त्याच्या नराच्या पांढुरक्या छातीवर काळ्या आडव्या रेघा असतात, गळा फिकट विटकरी असतो. रानलाव्याचा नर तसाच, पण गळा गडद तांबूस आणि भुवई ठळक. शंका उरलीच तर माद्या पाहाव्यात. रानलाव्याच्या मादीचाही गळा तांबूस असतो. माळलाव्याच्या मादीचा मात्र अंगासारखाच भुरकट.

माळलाव्यांचा थवा झुडपाखाली दबून बसतो आणि पाऊल पडणार तोच भुर्रकन दाही दिशांना उधळतो. मग एकमेकांना साद घालीत सारे पुन्हा एकत्र येतात. आमचे आण्णा जन्मभर मेंढरांमागे हिंडले, शाळेची पायरी चढले नाहीत. पण ती साद ऐकून थवा कुठे जमणार ते सांगतात. कर्नल साइक्स यांनी याच लाव्याची शास्त्रीय नोंद १८३२ साली केली, हे मला ग्रंथालयात कळले. ही दोन्ही ज्ञाने एका पंक्तीला बसली पाहिजेत.

माळलावा जगात फक्त भारतात आढळतो. त्याला दाट सावली नको. विरळ गवत, काटेरी झुडपे आणि दगडगोटे हवेत. सातबाऱ्यावर अशा जमिनीला आपण 'पोटखराब' म्हणतो आणि तिचे भले करायला कुदळी घेऊन निघतो. यंदाच्या शिबिरात गावाबाहेरच्या माळावर झाडे लावावीत, अशी सूचना आली आहे. हेतू चांगला आहे, पण जागा चुकीची आहे. १९७२ च्या कायद्याने वन्य पक्ष्यांना शिकाऱ्यापासून संरक्षण दिले. आपल्या सत्कृत्यापासून त्यांना कोण वाचवणार?

मित्रहो, झाडे जरूर लावू. रस्त्याकडेला लावू, शाळेच्या आवारात लावू, विहिरीच्या काठी लावू. माळ मात्र माळच राहू द्या. तो रिकामा नाही. तिथले रहिवासी आपल्याला दिसत नाहीत, इतकेच.