वजन फक्त बायकोचंच का मोजता?

चार वर्षांत माझ्या बायकोने रंकाळ्याला अगणित फेऱ्या मारल्या, भात सोडला, ८२ किलोवरून ७५ वर आली. माझं पोट लॅपटॉपसमोर सुटतच गेलं. तरी दर ईदला खाला तिलाच विचारायच्या, "अजून बारीक झाली नाहीस का गं?" मी गप्प. सोयीचं होतं ना!

तिचे कष्ट वाया गेले नाहीत. पीसीओएसमध्ये ५ ते १० टक्के वजन उतरलं तरी पाळी सुधारू शकते. पण मूल न होणाऱ्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडचंही कारण असतं, आणि लठ्ठपणा आपलेही हार्मोन्स बिघडवतो. वीर्यतपासणीला ना सुई लागते, ना भूल. एरवी कोडची ओळन्‌ओळ तपासणारा मी, इथे अर्धी सिस्टीम न तपासताच दोष तिच्या माथी मारून मोकळा झालो. वर तिलाच सांगायचो, सब्र कर.

भावांनो, तपासणीचं नाव काढलं की आपली मर्दानगी कुठे पळते?

शेवटी गेलो. शुक्राणू कमी निघाले. आता फजरनंतर दोघंही रंकाळ्यावर असतो. खालांना रिपोर्ट अजून सांगितलेला नाही. या ईदला त्यांनी तिला विचारायच्या आधी मीच सांगणार आहे.