अति व्यायाम : स्नायूंना इजा, मूत्रपिंडांना धोका

व्यायाम आरोग्याला हितकारक असतो, यात शंका नाही. पण सवय नसताना पहिल्याच दिवशी शेकडो बैठका काढल्या किंवा हात थरथरेपर्यंत वजने उचलली, तर धडधाकट माणसालाही रुग्णालय गाठावे लागू शकते.

जानेवारी २०११ मध्ये अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या फुटबॉल संघातील १३ खेळाडूंवर अशीच वेळ आली. सुट्टी संपवून परतताच त्यांना खांद्यांवर वजन घेऊन, घड्याळ लावून १०० बैठका काढायला लावल्या होत्या. काही दिवसांतच त्यांचे स्नायू असह्य दुखू लागले आणि लघवीचा रंग गडद झाला.

या विकाराला ‘ऱ्हॅब्डोमायोलिसिस’ म्हणतात. अतिश्रमाने स्नायूंच्या पेशी फुटतात व त्यांतील मायोग्लोबिन हे प्रथिन आणि पोटॅशियम रक्तात मिसळते. मायोग्लोबिनमुळे मूत्रपिंडांतील सूक्ष्म नलिकांना इजा होते, तर पोटॅशियम वाढल्यास हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडू शकते. कडक ऊन आणि शरीरात पाण्याची कमतरता असेल, तर धोका आणखी वाढतो.

नव्याने व्यायाम सुरू केल्यावर अंग थोडे दुखणे स्वाभाविक आहे. मात्र दुखणे दिवसेंदिवस वाढत असेल, स्नायूंना सूज आली असेल, हात-पाय नीट हलवता येत नसतील किंवा लघवी काळ्या चहासारखी होत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. सर्वांच्याच लघवीचा रंग बदलतो असे नाही. म्हणून इतर लक्षणांकडेही दुर्लक्ष करू नये. रक्तातील ‘क्रिएटिन कायनेज’च्या तपासणीने निदान होते. वेळीच सलाईन दिल्यास बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. उशीर झाल्यास डायलिसिसची पाळी येऊ शकते. अशा वेळी मनानेच वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत, कारण त्यांपैकी काही मूत्रपिंडांना अपायकारक ठरतात.

हे टाळणे कठीण नाही. व्यायाम हळूहळू वाढवावा. आजारपणानंतर किंवा मोठ्या खंडानंतर पुन्हा थोड्यापासून सुरुवात करावी. पुरेसे पाणी प्यावे, भर उन्हात श्रम करू नयेत. शेजारच्याने पन्नास जोर काढले म्हणून आपणही काढलेच पाहिजेत, असे नाही. पोलीस किंवा सैन्यभरतीची तयारी करणाऱ्या मुलांना तर घरातील मोठ्यांनी हे आवर्जून सांगावे. महिनाभराची कसर एका दिवसात भरून निघत नाही.