परोपकाराचा भार कोणावर?

छत्रपती संभाजीनगरच्या सिडको, गारखेडा, ज्योतीनगर या वसाहतींत, ज्यांची मुले वा भाचे-पुतणे लंडन, टोरांटो, मेलबर्न येथे स्थायिक झाले आहेत, अशी घरे आता शोधावी लागत नाहीत. त्यांपैकी एखाद्या दांपत्याला मूल होत नाही, वर्षानुवर्षे उपचार होतात आणि शेवटी डॉक्टर सरोगसीचा मार्ग सुचवतात. त्या क्षणी कायद्याची एक अट सातासमुद्रापलीकडून थेट या घरांच्या उंबरठ्यावर येऊन उभी राहते. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि आता भारत, या देशांत दुसऱ्याचे मूल उदरात वाढवणाऱ्या स्त्रीने त्याचा मोबदला घ्यायचा नाही. तिने हे परोपकार म्हणून करायचे. परक्या देशात असा परोपकार करणारी स्त्री सहजासहजी भेटत नाही. मग नजर वळते ती मायदेशातील बहिणीकडे, वहिनीकडे.

या अटीमागे मोठा इतिहास आहे आणि तो आपल्याला भूषणावह नाही. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या पंधरा वर्षांत भारत ही भाडोत्री मातृत्वाची जागतिक बाजारपेठ झाली होती. २००८ मध्ये गुजरातमधील आणंद येथे एका जपानी दांपत्यासाठी मुलगी जन्माला आली. पण तत्पूर्वीच ते दांपत्य विभक्त झालेले होते. त्या तान्ह्या मुलीचा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. पाठोपाठ एका जर्मन गृहस्थाच्या जुळ्या मुलांचे नागरिकत्व कोणते, यावर गुजरात उच्च न्यायालयात वाद झाला. ऑगस्ट २००९ मध्ये विधी आयोगाने आपल्या २२८व्या अहवालात व्यापारी सरोगसीवर बंदी घालून परोपकारी सरोगसीला मान्यता देण्याची शिफारस केली. समृद्धी पोरे यांनी 'मला आई व्हायचंय' या राष्ट्रीय पुरस्कारप्राप्त चित्रपटातून हे दुःख मराठी प्रेक्षकांसमोर आणले. नोव्हेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने परदेशी नागरिकांसाठी हे दार बंद केले. हे उचितच झाले. गरीब स्त्रीच्या उदराला दर लागावा, ही गोष्ट कोणत्याही सुसंस्कृत समाजाला शोभणारी नव्हती.

परंतु बाजार बंद झाला म्हणजे दडपण संपले, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. दडपण पैशाचे असते, तसे नात्याचेही असते. २०१७ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने हाच मुद्दा स्पष्टपणे मांडला होता. नऊ महिन्यांचे गर्भारपण निव्वळ परोपकार म्हणून मागणे हाही शोषणाचाच प्रकार ठरू शकतो आणि आपल्या कुटुंबरचनेत जवळच्या नातलग स्त्रीला नकार देणे अवघड असते, असे तिचे म्हणणे होते. पुढे राज्यसभेच्या प्रवर समितीने 'जवळची नातलग' ही अट काढून 'इच्छुक स्त्री' असा शब्द घातला आणि भारतीय वंशाच्या दांपत्यांसाठी दार पुन्हा किलकिले केले. २५ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या कायद्यानुसार अशा दांपत्याने मंडळाचे शिफारस प्रमाणपत्र घ्यावे लागते. सरोगेट माता विवाहित, स्वतःचे मूल असलेली, २५ ते ३५ वर्षे वयाची असावी; आयुष्यात एकदाच तिने हे करावे; तिचा ३६ महिन्यांचा विमा उतरवावा. तिच्यासाठी होणारा वैद्यकीय आणि नियमांत ठरवून दिलेला खर्च वगळता तिला काहीही देता येत नाही. कागदावर हे सर्व निर्दोष दिसते.

आता प्रत्यक्षातील घर पाहू. लंडनची नणंद आणि संभाजीनगरची वहिनी. वहिनी तिशीतील, पदरी एक मूल, खासगी शाळेत शिक्षिका. घराच्या कर्जाचे काही हप्ते नणंदेने भरलेले आहेत, सासऱ्यांच्या शस्त्रक्रियेचा खर्चही तिनेच उचललेला आहे. रविवारच्या व्हिडिओ कॉलवर सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी येते. कोणी दरडावत नाही, कोणी सक्ती करत नाही. 'तुला जमेल तरच हो म्हण' असेच सारे म्हणतात. कायद्याच्या भाषेत ही वहिनी 'इच्छुक स्त्री' झाली. तिने नाही म्हटले, तर पुढची वीस वर्षे त्या घरात तिचे स्थान काय राहील, हे विचारणारा रकाना कोणत्या अर्जात आहे? मूत्रपिंडदानाचा अनुभव आपल्यासमोर आहेच. १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्यानेही नात्यातील प्रेम गृहीत धरले. परंतु जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत बहुसंख्या पत्नी आणि माता यांचीच दिसते. प्रेम दोन्ही बाजूंना सारखेच असेल, तर दान एकाच बाजूने का वाहते?

देवकीचा गर्भ रोहिणीच्या उदरी गेला आणि बलराम जन्मले, हा दाखला या चर्चेत हमखास दिला जातो. तो देणाऱ्यांनी एवढे लक्षात घ्यावे की ती योजना दैवी होती. आपल्या घरातील योजना माणसांची असते. तिच्यात मधुमेह असतो, रक्तदाब असतो, सिझेरियन असते.

दोन देशांचे कायदेही परस्परविरोधी आहेत, याची कल्पना फार थोड्या कुटुंबांना असते. भारतीय कायद्यानुसार असे मूल पालक होऊ इच्छिणाऱ्या दांपत्याचेच अपत्य मानले जाते. ब्रिटनमध्ये, प्रसूती जगाच्या पाठीवर कोठेही होवो, जिने जन्म दिला तीच आई. आणि ती विवाहित असून तिच्या पतीची संमती असेल, तर बाप तिचा पती. म्हणजे भ्रूण सर्वस्वी नणंद आणि तिच्या नवऱ्याचे असूनही, जन्मतः ब्रिटिश कायद्याच्या दृष्टीने आई वहिनी आणि बाप नणंदेचा सख्खा भाऊ! पुढे न्यायालयाचा आदेश मिळाल्यावरच नाते बदलते आणि त्यासाठीची जन्मदात्रीची संमती प्रसूतीनंतर सहा आठवडे उलटल्याशिवाय ग्राह्य धरली जात नाही. आपल्याला हे चमत्कारिक वाटेल. पण जन्म दिलेल्या स्त्रीला विचार करायला सहा आठवडे द्यावेत, यातील शहाणपण नाकारता येत नाही. आपल्या कायद्यात तिला माघार घेता येते ती भ्रूणरोपणापूर्वीच. 'मग वहिनीलाच तिकडे नेऊ' म्हणावे, तर ब्रिटनचा साधा भेटीचा व्हिसा सहा महिन्यांचा आणि गर्भारपण नऊ महिन्यांचे.

परदेशातील निपुत्रिक दांपत्याचे दुःख खोटे नाही. सणावाराला होणारे प्रश्न, एकटेपणा, अयशस्वी उपचारांची मालिका हे सारे त्यांनी सोसलेले असते. बहीण बहिणीसाठी मनापासून पुढे येते, अशीही उदाहरणे असतील आणि त्या त्यागापुढे नतमस्तकच व्हावे. मात्र तो त्याग खरोखर तिचाच आहे, याची खात्री करण्याची जबाबदारी मंडळाने घ्यावी. सरोगेट होणाऱ्या स्त्रीशी सासर-माहेरचे कोणीही उपस्थित नसताना, तिच्या भाषेत, एकदा नव्हे तर दोनदा बोलले जावे. तिने नकार दिला, तर 'वैद्यकीयदृष्ट्या अपात्र' एवढेच कुटुंबाला कळवावे. खरे कारण गोपनीय राहावे. डॉक्टरांच्या लेखी सल्ल्याने काम थांबवावे लागल्यास बुडालेले उत्पन्न भरून देण्याची सोय कॅनडाने २००४ च्या कायद्यात मोबदल्यावरील बंदीसह केली आहे. आपल्या नियमांतही ती तितक्याच स्पष्ट शब्दांत असावी. केंद्राने २०२४ मध्ये आपल्या महिला कर्मचाऱ्यांना सरोगेट माता म्हणूनही १८० दिवसांची रजा दिली. खासगी शाळेतील शिक्षिकेला किंवा वाळूजच्या कारखान्यातील कामगार स्त्रीला ती केव्हा मिळणार?

आणि घरातील वडीलधाऱ्यांनी एक पथ्य पाळावे. हा विषय सुनेजवळ त्यांनी काढू नये. तिने आपणहून काढला तर ऐकावे, आणि त्याच बैठकीत दत्तकाचाही विचार व्हावा. अनिवासी भारतीयांना दत्तक प्रक्रियेत येथील रहिवासी भारतीयांच्या बरोबरीने प्राधान्य आहे. प्रतीक्षा दीर्घ आहे, हे खरे; पण सरोगसीची प्रमाणपत्रे, न्यायदंडाधिकाऱ्यांचा आदेश, मुलाचे पारपत्र आणि दोन देशांची न्यायालये यांतही काही कमी काळ जात नाही.