श्रोत्यांचा होकार आणि कीर्तनाची संहिता

संत गाडगेबाबांचा विचार आपण बहुधा समाजसुधारक म्हणून करतो. त्यांच्या कीर्तनाचा वाङ्मयीन विचार क्वचितच होतो. मुद्रित अक्षरालाच संहिता मानण्याची आपली सवय याला कारणीभूत आहे, आणि गाडगेबाबांनी तर एकही ग्रंथ लिहिला नाही.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेल्या डेबूजीचे बालपण अकोला जिल्ह्यातील दापुरे येथे मामाच्या घरी गेले. गुरे राखणे, शेतीतील कष्ट, सावकाराचा पाश हे सारे त्यांनी तेथे अनुभवले. १९०५ साली त्यांनी घर सोडले. पण पुढे कीर्तनातून उभे राहिले ते हेच जग. ऋण काढून केलेला सण, देवापुढे कापलेला बकरा, दारू, अस्पृश्यता, मुलांची राहून गेलेली शाळा यांची ती बोलती नोंद होय.

या नोंदीची रीत विशेष लक्षणीय आहे. नारदीय कीर्तनाची पूर्वरंग-उत्तररंगाची चौकट बाजूस सारून बाबा श्रोत्यांना प्रश्न विचारीत. जमाव एका आवाजात उत्तर देई आणि त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघे. म्हणजे गावाच्या जगण्याची साक्ष गावच देत असे. या कीर्तनाचे कर्तेपण एकट्या कीर्तनकाराचे नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

छापताना मात्र या संवादाचे भाषण होते. होकार, हशा, विराम गळून पडतात. वऱ्हाडीत 'ळ'च्या जागी ऐकू येणारा 'य' प्रमाणलेखनात पुसला जातो. प्रबोधनकार ठाकरे यांचे १९५२ चे चरित्र मोलाचे खरे. तथापि चरित्र म्हणजे कीर्तन नव्हे. नोव्हेंबर १९५६ मधील वांद्रे येथील कीर्तनाचे ध्वनिमुद्रण सुदैवाने उपलब्ध आहे. त्यात बाबांचा आवाज आहे. पण उत्तर देणारा श्रोता मुंबईचा आहे, वऱ्हाडातील गावकरी नव्हे.

म्हणून अभ्यासकांनी दोन कामे हाती घ्यावीत. या ध्वनिमुद्रणाचे लिप्यंतर करताना श्रोत्यांचे प्रतिसाद स्वतंत्र ओळीत नोंदवावेत, आणि ज्यांनी वऱ्हाडात बाबांचे कीर्तन ऐकले त्यांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत ध्वनिमुद्रित कराव्यात. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ बाबांचे निधन झाले. तेव्हा दहा वर्षांची असलेली मुले आज ऐंशीच्या घरात आहेत. अमरावतीच्या विद्यापीठाला आज बाबांचे नाव आहे. त्यांना उत्तर देणारा आवाज मात्र फार काळ आपली वाट पाहणार नाही.