पहिली पेटी सुरातली हवी

मुलाला पेटी शिकवायची ठरली की घरात पहिला सूर निघतो तो स्वस्तातली घेण्याचा. शिकायचीच तर आहे, हात बसला की चांगली घेऊ. राजुरीसारख्या गावात, जिथे दुधाच्या नि कांद्याच्या पैशावर घरं चालतात, तिथे हा हिशेब समजण्याजोगा आहे. पण तो उलटा मांडलेला आहे. मुरलेल्या वादकाला कुठली पट्टी उतरली आहे ते लगेच कळतं आणि तो ती दुरुस्त करून घेतो. नवशिक्याचा कान अजून घडायचा असतो. पेटी जो गंधार देईल तोच त्याचा गंधार, आणि पुढे तोच गळ्यातही उतरतो. शिवाय आपल्याकडे पेटी एकट्याची राहत नाही. वर्षा-दोन वर्षांत पोर भजनाला बसतं, सप्ताहात साथीला जातं. तिथे पखवाजाचे गठ्ठे ठोकून तो मिळवायचा पेटीच्या षड्जाला, टाळकऱ्यांनी सूर धरायचा पेटीचाच. ती बेसूर असली की सगळी ओळ बेसूर होते.

मग कमी पैशात सूर कसा मिळवायचा? पैसा कुठे मुरतो ते पाहिलं की वाट दिसते. साडेतीन सप्तकांच्या पेटीत ४२ पट्ट्या. खर्ज आणि नर अशा दोन ओळी घेतल्या तर ८४ रीड. पेटीचा जीव या पितळी पात्यांत आहे, म्हणून जाणते लोक गुजरातेतल्या पालिताण्याच्या रीड आहेत का ते आधी विचारतात. सप्तकं जोडणारा कपलर, पट्टी बदलणारा स्केलचेंजर, चकचकीत पॉलिश यांनी किंमत चढते. पण पहिली काही वर्षं एकाच पट्टीत अलंकार घोटणाऱ्याला त्यांचा उपयोग नाही, आणि यंत्रणा वाढली की बिघाडही वाढतो. ते सगळं सोडावं आणि चांगल्या रीडची साधी, हवी तर जुनी पेटी घ्यावी. पारख अवघड नाही. सगळ्या खुंट्या बंद करून भाता भरावा. तो लगेच बसला तर हवा गळते आहे. मुख्य खुंट्या उघडून, पट्टी न दाबता हवा भरली तर एकही सूर वाजता कामा नये. मग मधला आणि वरचा सा एकत्र दाबावा. सूर जुळलेले असतील तर आवाज स्थिर राहतो, नसतील तर लाटेसारखा हलतो. ही लाट न शिकलेल्या कानालाही ऐकू येते.

जुनी पेटी म्हणजे फसवणूक, ही भीती रास्त आहे. उंदरांनी कुरतडलेला भाता बदलता येतो. उतरलेली रीडही सुधारते: पातं टोकाकडे घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो. रीड बसवलेली लाकडी फळीच तडकली असेल तर मात्र ती पेटी सोडावी. पोराने शिकणं अर्ध्यावर सोडलं तर काय, या शंकेलाही उत्तर सुरातल्या पेटीतच आहे. तिला भजनी मंडळात गिऱ्हाईक मिळतं, बेसूर पेटी अडगळीत पडते. इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड उतरत नाही हे खरं. पण भात्याचा हात, म्हणजे पेटीचा श्वास, त्यावर शिकता येत नाही.

सर्वांत वजनदार आक्षेप पेटीवरच आहे. तिचे स्वर ठोकळेबाज, मींड नाही, श्रुती नाहीत. आकाशवाणीने १९४० मध्ये तिच्यावर बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. आक्षेपात तथ्य आहे; गोविंदराव टेंब्यांपासून तुळशीदास बोरकरांपर्यंतच्या वादकांनी या मर्यादेतूनच वाट काढली. पण म्हणूनच, जे वाद्य मुळात थोडी तडजोड करून आलं आहे त्यात आणखी खोट खपवून घेऊ नये. आळेफाट्याहून नारायणगाव, मंचर करत पुण्याला पेटी घ्यायला निघाल तेव्हा मंडळातला एखादा जाणता पेटीवाला सोबत न्या. कपलरचे वाचलेले पैसे घट्ट झाकणाच्या खोक्याला आणि पहिल्या ट्यूनिंगला ठेवा.