आधी तपासणी, मग जेसीबी

नागपूरहून काटोल रोडने निघाले की शहर संपता संपता जुनापाणी लागते. तिथल्या माळावर मोठमोठ्या दगडांची सुमारे ३०० वर्तुळे आहेत. ही इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातल्या लोकांची दफनस्थळे. १८७९ साली रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने तिथल्या उत्खननाचा वृत्तान्त प्रसिद्ध केला. पुढे डॉ. शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली नागपूर विद्यापीठाने टाकळघाट-खापा आणि माहुरझरी येथे उत्खनन केले. लोखंडी हत्यारे, तांब्याचे दागिने, माणसांसोबत पुरलेले घोडे असे बरेच काही हाती आले.

इतिहासकारांना यात संस्कृती दिसते. डॉक्टरला त्यात रुग्णांच्या जुन्या फाइली दिसतात. लहानपणी मोठे आजारपण किंवा उपासमार झाली, तर दाताच्या इनॅमलवर आडव्या रेघा उमटतात आणि त्या कायम राहतात. दीर्घकाळच्या रक्तक्षयाच्या खुणा कवटीत सापडू शकतात. राजस्थानातील बालाथल येथील सुमारे ४,००० वर्षांपूर्वीच्या सांगाड्यात कुष्ठरोगाच्या खुणा आढळल्या. २००९ मध्ये ते संशोधन प्रसिद्ध झाले. कुष्ठरोगाचे रुग्ण विदर्भात आजही आहेत. सिकलसेलही इथे घरोघरी माहीत आहे. हे आजार आपल्याकडे किती पिढ्यांपासून आहेत, याचा लेखी पुरावा नाही. काही सांगू शकतील तर ही हाडेच.

पण हाड नुसते मिळून भागत नाही. ते कोणत्या थरात, कशाशेजारी, कोणत्या स्थितीत होते, यावरच त्याचा अर्थ लागतो. शवविच्छेदन करणाऱ्या कोणालाही हे समजावून सांगावे लागत नाही. आपल्याकडच्या उष्ण, पावसाळी हवेत हाडे आधीच ठिसूळ झालेली असतात. जेसीबीने एकदा मुरूम उपसला की उरतो तो नुसता चुरा. ते नुकसान नंतर भरून काढता येत नाही.

कायदा आहे, पण तो यादीपुरता. केंद्राच्या संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला मनाई आणि त्यापुढच्या २०० मीटरवर नियंत्रण, ही तरतूद २०१० च्या दुरुस्तीने आली. जे स्थळ यादीत नाही, त्याला या तरतुदीचा आधार नाही. आणि नागपूर वाढते आहे ते नेमके काटोल रोड, हिंगणा, बुटीबोरी या दिशांना, जिथे ही वर्तुळे विखुरलेली आहेत. शेतात पडलेले गोलाकार धोंडे ले-आऊट पाडणाऱ्याला अडगळच वाटणार.

साध्या हर्नियाच्या ऑपरेशनआधीही आपण रक्त आणि ईसीजी तपासतो. जमिनीबाबतही तेच व्हावे. ले-आऊट, खाण किंवा रस्त्याला मंजुरी देण्यापूर्वी पुरातत्त्वज्ञाने जागा पायी फिरून पाहावी, नकाशावर नोंद करावी आणि गरज असेल तिथे आधी उत्खनन करावे. युरोपातील अनेक देशांत हा खर्च विकासकाने उचलायचा असतो. आपल्यालाही हे नवे नाही. नागार्जुनसागर धरणात बुडणाऱ्या नागार्जुनकोंड्याचे उत्खनन १९५४ ते १९६० या काळात करून तिथले अवशेष वाचवले गेले. धरणही झाले.

यामुळे कामे रखडतील, असे म्हटले जाईल. रखडतात ती मधेच काही सापडले की. आधी पाहणी झाली, तर कोणता तुकडा मोकळा सोडायचा हे नकाशातच ठरते. सार्वजनिक वापरासाठी सोडायच्या जागेतही तो बसू शकतो. प्लॉट घेणाऱ्यालाही नंतरची कटकट राहत नाही.

जिल्ह्यातील ज्ञात वर्तुळांची गावनिहाय, गट क्रमांकानुसार यादी महसूल आणि नगररचना कार्यालयांत ठेवणे, ही पहिली पायरी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. विद्यापीठाचा पुरातत्त्व विभाग आणि तलाठी एकत्र बसले, तरी सुरुवात होईल.